जड

धनकवडीचं शेवटचं वळण, अकरा मुलं, अकरा दप्तरं,
आणि स्टिअरिंग अडलं
पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं.
मागून तन्मयी म्हणाली, "शैलाताई, गाडी कण्हतेय."
मी खांदा लावला. व्हॅन वळली,
पण उपकार केल्यासारखी.

असे सहा आठवडे.
दीर म्हणाले, रॅक गेली. अठरा हजार.
शोरूमवाल्यानं फोनवरच, न बघता, पंपही घालवला.
खालच्या मजल्यावरचे आपटे म्हणाले,
टायरमधली हवा बघितलीत का?
बघितली हो. पहिलं तेच बघतात, मलाही कळतं.

मंगळवार पेठेत दस्तगीर मिस्त्रीनं
बॉनेटला हातच लावला नाही आधी.
"जड एकीकडं, का दोन्हीकडं?"
दोन्हीकडं.
"पळताना, का जागेवर?"
जागेवर. सकाळी जास्त.
डॉक्टरही एवढं विचारत नाही, मी म्हटलं.
"डॉक्टरला पेशंट सांगतो," तो म्हणाला,
"मला ड्रायव्हर सांगतो. ड्रायव्हर लपवतो."
मग मी सांगितलं:
डबीत दोनदा तेल ओतलं होतं, कुणाला न विचारता.

बेल्ट त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला. ठीक.
डबी उघडली. तेल लाल हवं,
ते होतं गुलाबी, फेसाळ,
लहान मुलांच्या तापाच्या औषधासारखं.
लांब पेचकसाचं टोक पंपावर, मूठ कानाला,
डोळे मिटून.
"हवा पितोय," तो म्हणाला. "नळीतून."

नळीच्या गळ्यातली क्लिप
बोटानं फिरत होती, सैल बांगडीसारखी.
नवी तीस रुपयांना, शेजारच्याच दुकानात.

मग पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद.
"बसा तुम्ही. या टोकापासून त्या टोकापर्यंत.
घाई करायची नाही."
डावं टोक. उजवं टोक.
बाहेर लोक जुन्या नळांचा भाव करत होते,
मी कुठंही न जाता वळत होते,
आणि तो डबीवर वाकून बुडबुडे बघत होता.
"अजून आहे." पुन्हा डावं.
"अजून."
पंचविसाव्या फेरीनंतर मोजायचं सोडलं.
तेल लाल झालं कधीतरी, तो बोलला नाही,
नुसतं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तेच वळण.
मी सवयीनं खांदा लावला
आणि व्हॅन गर्रकन थेट
कोथिंबिरीच्या पाटीपर्यंत गेली.
भाजीवाली जे बोलली ते अकरा मुलांनी ऐकलं.
"ताई, हळू," तन्मयी म्हणाली.

एका बोटानं वळते आता.
तीस रुपयांचं मी दिरांना सांगितलं नाही अजून.
खांद्यालाही नाही.