बरणी क्रमांक दोनशे सतरा

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात
समुद्र एकूण चार कपाटं आहे.
किल्ल्या माझ्याकडे.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी फॉर्मेलिनची पातळी बघते,
उतरली असेल तिथे भरते,
बुचांभोवती मेण लावते. डोळे चुरचुरतात.
दोनशे सतरामध्ये वीतभरही नसलेला मासा.
मूळचा काळा, आता कोऱ्या चहासारखा.
डोळ्याखाली सोललेल्या वालाएवढा
पांढरा ठिपका.

फणसळकर सर त्याला बॅटरी मासा म्हणायचे.
मालदीवहून आणलेला,
बरणीला स्वेटर घालून, विमानात मांडीवर.
सांगायचे,
हा दिवसभर खडकाच्या कपारीत बसतो.
चांदणं असलं तरी बाहेर पडायला कचरतो.
अवसेला मात्र येतो, सगळ्या भावकीसकट,
आणि काळ्या पाण्यात नुसते दिवे हिंडतात,
मासे दिसतच नाहीत.
त्याच उजेडात तो बारीकसारीक टिपून खातो,
त्याच उजेडात आपली माणसं ओळखतो.
कुणी मोठा मागे लागलाच
तर दिवा उघडा ठेवून सरळ पळतो,
मग झाकतो आणि वळतो.
मागचा जातो नाकासमोर.
"झगडेबाई, टिळक रोडवरचे स्कूटरवाले बघा.
इंडिकेटर उजवीकडे, आणि जाणार डावीकडे!"
सर स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसायचे.

आणि उजेड त्याचा नाहीच.
डोळ्याखालच्या पिशवीत जिवाणू राहतात, कोट्यवधी.
जागा त्याची, रक्त त्याचं, उजेड त्यांचा.
त्यांना विझता येत नाही.
म्हणून त्याला एक काळी पापणी आली,
खालून वर ओढायची.
मी सव्वीस वर्षं धनकवडीत भाड्याने काढली.
पैशांऐवजी उजेड द्यायचा असता
तर माझ्याकडून महिन्याला किती निघाला असता,
हा हिशोब मी बसमध्ये केलाय.
दोनदा. दोन्ही वेळा स्टॉप चुकला.

निगार नावाची एक मुलगी प्रॅक्टिकलला विचारत होती,
बाई, हा आता का चमकत नाही?
मी म्हटलं, भाडेकरू गेले.
तिला वाटलं मी टाळतेय.
पण पूर्वेकडच्या बेटांवर, सर सांगायचे,
कोळी तो दाणा कापून गळाला लावतात
आणि मासा मेला तरी दाणा तासन्‌तास जळतो.
मालक जातो, वरच्या मजल्यावर दिवा तसाच.
हे मी तिला सांगितलं नाही.
ती डबा खात होती.

समुद्र इथून फार लांब नाही.
घाट उतरला की दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस.
पण आमच्या बेसिनमधलं पाणी मुठेला मिळतं
आणि मुठा समुद्राकडे पाठ करून निघते,
भीमेत, कृष्णेत, आख्खा देश तुडवत पूर्वेला.
जवळच्याकडे जायला उतार नव्हता तिला.

परवा सहा वाजून गेले होते. लाईट गेली.
इतका अंधार या खोलीत मी पाहिला नव्हता,
बरण्यासुद्धा आपापल्या जागी आहेत की नाहीत कळेना.
मोबाईलची बॅटरी लावली, दोनशे सतरावर धरली.
ठिपका उजळला. उसना उजेड, त्याला सवयीचाच.
का कोण जाणे, मी तळवा ठेवला.
काढला.
पुन्हा ठेवला.

समोर मुलींच्या होस्टेलवर, काळ्या भिंतीत,
एक दिवा झाकला गेला. उघडला.
मी दोनदा झाकला.
तिकडून दोनदा.
मी तीनदा.
तिकडून बराच वेळ काहीच नाही,
आणि मग तीन, घाईघाईने,
जसं कुणी जिन्यात धावत येऊन सांगावं,
आहे, आहे, आहे.

तेवढ्यात लाईट आली.
होस्टेलच्या सगळ्या खिडक्या एकदम पेटल्या
आणि त्यातली ती कुठली,
ते आता शोधून उपयोग नव्हता.

रजिस्टर काढलं.
क्रमांक दोनशे सतरा. पातळी ठीक. बूच नवीन.
शेऱ्याचा रकाना केवढासा असतो.
मी तिथे पेन टेकवून बसले होते
वॉचमन हाक मारेपर्यंत.