पालथी बशी

इथं स्टोकमध्ये जुनी माणसं
जेवायला बसली की आधी रिकामी बशी पालथी करतात,
मागचा शिक्का वाचतात, कुठल्या भट्टीची ते.
मग सुलटी करतात, म्हणतात, वाढा.

मलाही लागली ती सवय.
फक्त मी बश्या बघत नाही.

परवा शर्वाणीच्या धाकटीचा वाढदिवस.
सगळे टाळ्या वाजवत होते
आणि मी तिची मनगटं बघत होते, कानामागची जागा,
फुगा फुटल्यावर ती कुणाकडे धावते ते.
आईकडे धावली.
मनात नोंद केली : आईकडे धावली.
केक तसाच राहिला हातात.

हॅनलीच्या चढावर एका फ्लॅटमध्ये
एक मुलगा. नाव सांगता येत नाही.
सहा वर्षांचा.
किटली कशी धरायची ते त्याला ठाऊक,
चटका कुठं बसतो ते ठाऊक,
आई झोपली असताना कुठली फळी वाजते तेही.
"साखर किती?" त्यानं विचारलं, घरधन्यासारखं.
मी म्हटलं, दोन.
मी साखर घेत नाही.

मग एका गुरुवारी त्याला गाडीत बसवलं.
बेल्ट त्यानं स्वतःच लावला.
रडला नाही. राउंडअबाउट गेल्यावर म्हणाला,
"आता आईला चहा कोण देणार?"

मी इंडिकेटर दिला. वळायचं नव्हतं कुठंच.

ऑफिसात बेव्ह विचारते, स्वतःला जपतेस ना?
तिच्यापुढं फॉर्म आहे, एक ते दहा.
मी सात म्हणते. सातला कुणी पुढचं विचारत नाही.
डेनिस गेली मागच्या महिन्यात, सकाळी पार्किंगमधूनच परतली,
गाडीतून उतरताच येईना म्हणाली.
तिच्या टेबलावर एक कॅक्टस राहिला आणि अकरा घरं.
कॅक्टस बेव्हनं नेला.

अहवालात लिहिते तो शब्द इंग्रजी,
चौकटीत बरोबर मावणारा.
आई त्याला आबाळ म्हणायची.
पोराची आबाळ झाली गं, म्हणायची, आणि हातातलं काम थांबवायची.
आबाळ.
एका अक्षरानं हुकलेलं आभाळ.
हा शब्द मी इथं कुणापाशी काढत नाही,
काढला तर मलाही काम थांबवावं लागेल.

घरी अनिरुद्ध विचारतो, कसा गेला दिवस?
ट्रॅफिक होतं, सांगते.
त्याला ठाऊक आहे, आमच्या रस्त्याला ट्रॅफिक नसतं.
तो कांदा चिरत राहतो.

रात्री उठून चहा करते. दोन चमचे.
टेबलाशी बसते, कप समोर,
वाफ जाईपर्यंत.
आणि हात पुढं जातो,
भरल्या कपाला पालथं करून
बुडाशी काय लिहिलंय ते बघायला.