केमिस्ट

इथे औषधांच्या दुकानाला केमिस्ट म्हणतात.
मीही केमिस्टच होतो, चौतीस वर्षं,
अंबरनाथला, रंगाच्या कारखान्यात.
स्विंडनच्या या दुकानात शिरताना वाटतं
बदली होऊन आलोय.

पुढे नात. शाल्मली, वय वर्षं नऊ.
शुक्रवारी शाळेत डिस्को आहे
आणि तिला नखं हवीत निळी,
'मोरासारखी नाही, आजोबा,
रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखी.'

बाटली उचलतो, चष्मा कपाळावर ढकलतो,
लेबल सोलून आतलं वाचू लागतो,
मुंगीच्या पायांएवढी अक्षरं.
आणि एकदम ओळखीचा चेहरा:
टोल्यूईन! अरे, तू इथे कुठे?

दोनशे लिटरच्या पिंपांतून उतरवायचो तुला.
दुसऱ्या पाळीत डोकं हलकं व्हायचं,
पाताडे तर चक्क अभंग म्हणायचा.
कंपनी माणशी एक गुळाचा खडा द्यायची
आणि पावशेर दूध,
जणू विष म्हणजे उचकी.

कुमुदने आयुष्यात नखं रंगवली नाहीत.
'तुमच्या सदऱ्याला येतो तेवढा वास पुरे.'
तिचं कुंकू मात्र मी एकदा
कुणाला न सांगता लॅबमध्ये नेलं.
शिसं निघालं.
देवीच्या दारातलं कुंकू ते,
सांगावं कसं, आठवडाभर कळेना.
सांगितलं तेव्हा तिने डबी गटारात पालथी केली.
तुळशीत नाही.
'तुळशीने काय घोडं मारलंय?'
तेव्हापासून 'नैसर्गिक' म्हटलं
की मी जरा बिचकतोच.

दुसऱ्या बाटलीवर लिहिलंय: दहा गोष्टी नाहीत.
बरं. आहेत त्या किती?
एकाला हाकललं की त्याचा चुलतभाऊ
वेगळ्या नावाने कामावर येतो.
असे चुलतभाऊ मीच नेमलेत कितीदा.
आणि 'परफ्यूम'. शब्द एकच,
दार उघडलं तर आत अख्खं वऱ्हाड.

'आजोबा, ती बाई बघतेय.'

बाई कसली, पोरगी. बिल्ल्यावर केली-अॅन.
भुवया कोरलेल्या, पापण्या विकतच्या,
नखं मात्र बोडकी.
मी काही विचारत नाही, तीच बोटं पुढे करते.
घरीच जेल लावायची, दिव्याखाली, दर रविवारी.
आता दातांच्या डॉक्टरलाही आधी सांगावं लागतं,
ही अॅलर्जी जन्माची.
टोकांना भेगा, कातडीचे पापुद्रे.
पाताडेची बोटं,
वीस वर्षांच्या पोरीच्या हाताला.

खूप बोलता आलं असतं:
मात्रा, संपर्क, उघड्या खिडक्या.
माझं इंग्रजी तेवढं पुरलं असतं.
मी म्हणालो, सॉरी.
ती म्हणाली, 'तुमची काय चूक, लव्ह?'
आणि वाकून खालच्या फळीवरून काढली
पाण्यात कालवलेली, लहान मुलांची.
सात घटक. मोजले.
पाच तोंडपाठ होते,
दोन घरी जाऊन बघणार आहे.

निळी आहे. पेट्रोलसारखी नाही.
'शाळेच्या स्वेटरसारखी आहे,' शाल्मली म्हणाली,
आणि बसस्टॉपपर्यंत बोलली नाही.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मार्चचा गारठा आत.
पहिला प्रयोग माझ्यावर:
उजवा अंगठा, ज्याचं नख
सत्त्याऐंशी साली पिंपाखाली सापडून
वाकडं उगवलं ते वाकडंच राहिलं.
'दुखलं होतं?'
'तेव्हा नाही. संध्याकाळी.'
ती जीभ बाहेर काढून रंगवत राहिली.
सवयीने मी वास घेतला. काहीच नाही.
(वास नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं;
पण नऊ वर्षांच्या माणसाला
सगळं एकाच दिवशी सांगायचं नसतं.)

रात्री आंघोळीत तो रंग अख्खा सुटून आला.
साबणाच्या वडीवर चिकटला होता,
निळा, कांद्याच्या सालीएवढा पातळ,
आणि माझ्याचसारखा वाकडा.