मापाची वही

शनिपाराजवळ, जिन्याखालचं माझं दुकान.
वहीत केतकी गोवंडेचं पान:
छाती, कंबर, दंडघेर,
दर खेपेला आधीचा आकडा खोडलेला.

आई कौतुकानं सांगते,
साखरपुड्यापासून बघा कशी छान बारीक झालीय.
खोळंबलेल्या बायका माना डोलावतात.
एक विचारतेच, काय गं करतेस?

केतकी हसते.
ऐन मे महिन्यात पंखा बंद करायला सांगते.
टेप लावताना बोटांना हाड लागतं,
जुन्या ब्लाउजच्या हुकात केस,
एक-दोन नव्हेत, गुंताच.

मागल्या खेपेला पडदा धरून
मटकन खाली बसली.
उन्हाचं होतं असं, आई म्हणाली.
मी डब्यातला लाडू दिला.
घरी जाऊन खाते, म्हणाली.
संध्याकाळी झाडताना
चिंध्यांच्या पिशवीत सापडला,
कागदात नीट गुंडाळलेला.

आज आई म्हणते,
जास्तीचं कापड कापूनच टाका हो,
आता कशाला लागतंय?

बरं, म्हणते मी.
आणि त्या गेल्यावर
आतून, दोन्ही बगलांना,
चांगली दोन बोटं माया ठेवते.
टाकाही लांब घालते,
उसवायला सोपा.