आभाळाला बोल्ट लागत नाही

सिक्स्टेन म्हणतो, कशालाही भोक पाडता येतं,
फक्त आभाळाला नाही.
म्हणून तीन शनिवार तो गाडीच्या मागच्या सीटवर
उलटा पडलेला, पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च,
आणि मी गॅरेजच्या उंबऱ्यावर
त्याची कॉफी गार होताना बघत.

गाडी पासष्टची. लोण्याच्या रंगाची. छत कापडी.
डेट्रॉइटात जन्मली, बोटीतून गोथेनबर्गला उतरली,
व्हेस्तेरोसला आमच्याकडे आली
तेव्हा मालिन माझ्या पोटात होती.

त्याच मालिनने फोनवर सांगितलं, आवाज न चढवता:
मागे खांद्यावरून पट्टे लागेपर्यंत
तूवा आणि मेल्केर त्या गाडीत बसणार नाहीत.
भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही.
सिक्स्टेन उठला आणि फूटपट्टी शोधायला लागला.

बाकीच्या गाड्यांना खांब असतो, छताला भिडलेला,
त्याला पट्टा अडकवला की झालं.
हिला कुठला खांब! सीटमागे एक खोल कप्पा,
त्यात छत घडी घालून झोपतं,
आणि पलीकडे पत्रा, बिस्किटाच्या डब्याइतपत.
पट्टा खांद्याच्या खालून ओढला गेला
तर धक्क्याला कणाच चेपतो,
हे त्याने मला माझ्याच खांद्यावर
फूटपट्टी टेकवून समजावलं.
तूवाची उंची? एकशे एकवीस.
मेल्केरची? विचारून सांगते.
तो वाढतोय, थांबत नाही.

क्लबातला बेंग्ट आला. खिशात हात.
"अस्सल गाडी होती ही,"
'होती'वर जोर.
"कारखान्यात जशी निघाली तशीच होती. आता निम्मी किंमत."
सिक्स्टेनने वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला.
ठिणग्या उडाल्या तसा बेंग्ट दोन पावलं मागे सरला,
तिसरं पाऊल त्याच्या स्वतःच्या गाडीकडे.

शिवण माझ्याकडे.
पट्ट्यांना फटी ठेवायच्या म्हणून सीटचं कव्हर उसवलं,
तर गादीच्या सांदीत
दगड झालेला टोस्टचा तुकडा,
ओलांदच्या फेरीचं तिकीट, साल पुसलेलं,
आणि एक पांढरा मोजा, माझ्या अंगठ्याएवढा.
मी इथेच बसायचे.
मालिन मांडीवर, वारा कानात,
सिक्स्टेन ताशी एकशे दहा.
माझे हात हाच पट्टा.
त्या काळी सगळ्याच बायांचे.
भीती कशी वाटली नाही, असं विचारायला तोंड उघडलं
आणि सुई बोटात गेली.
विचारलं नाही.

पोलादी पट्टी बसली, आडवी, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत.
बोल्ट बसले. रिळं बसली.
छत मात्र बसेना.
दोन बोटं वर राहायचं.
त्याने कानस मारली, कोन बदलला, शिव्या दिल्या,
छताच्या सांध्यात तेल सोडलं.
दोन बोटं ती दोन बोटंच.
शेवटी सिक्स्टेन स्वतःचा गुडघा चोळत म्हणाला,
राहू दे. यालाही पुरतं वाकवत नसेल.

जूनमध्ये निघालो, तळ्याच्या कडेकडेने.
क्लिक. क्लिक.
मेल्केरला तो आवाज आवडला, त्याने अकरा वेळा काढला.
मधल्या जागेला कमरेचा जुना पट्टा तेवढाच. तिथे मी.
मालिन पुढे, पाठ ताठ, काही बोलत नव्हती,
पण दर वळणाला मागे बघत होती.

राईच्या शेतातून हरीण आलं.
ब्रेक.
रिळं कडकन धरली.
मुलं जिथल्या तिथे.
छताची घडी पुढे सरकून परत मागे पडली.
सिक्स्टेनने आरशात पाहिलं,
आधी वेल्डकडे. मग मुलांकडे.
मग बराच वेळ कुठेच नाही.

हरीण रस्त्याच्या मधोमध उभं,
कान आमच्याकडे वळवून.
"आजी," तूवा म्हणाली, "हात काढ ना.
मला हरीण दिसत नाहीये."