रंगाचं वेगळं

जशुभाईने हातोडी उलटी धरली
आणि मांजलपूरच्या आमच्या घराची पाठ
डॉक्टरसारखी वाजवून पाहिली.
ठण. ठण. मग खिडकीखाली बद.
"बोदुं छे, बेन."
चाळीस वर्षं जिला भिंत म्हणत आले
तिचा गिलावा विटेपासून कधीच सुटलेला,
नुसता सवयीने उभा.

एस्टिमेट कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर.
बाहेरून सोळाशे चाळीस फूट.
जुनं तोडणे, फुटाला चौदा.
नवा गिलावा दोन हाती, वर वाळूचा, अठ्ठावन्न.
परांची बारा. केमिकल उक्तं, नऊ हजार चारशे.
राडारोडा तीन ट्रॅक्टर, खेपेला अठराशे.
पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं बेरजा केल्या मी,
त्याचा कॅल्क्युलेटर उघडायच्या आत सांगितलं:
एक लाख बावन्न हजार पाचशे साठ.
"रंगाचं वेगळं," तो म्हणाला,
लग्नात मानपानाचं वेगळं म्हणतात तसं.

एक ठेव मुदतीआधी मोडली.
मोडू नका हो, व्याज जातं,
हे मीच लोकांना सांगायचे.

तीन भिंती माझ्या आवारात.
चौथी उभी वसावडांच्या अंगणाला लागून.
तिचे बांबू त्यांच्या जमिनीत रोवायचे,
आणि आमचं बोलणं अकरा वर्षं बंद.
त्यांच्या गच्चीच्या पाइपाचं पाणी
आमच्या कपाटामागे उतरतं, असं हे म्हणायचे.
सोसायटीला तीन पत्रं, झेरॉक्ससकट.
तिसऱ्यात "जाणूनबुजून" हा शब्द होता,
खाली रेघ मारलेला.
हे गेले त्या दिवशी वसावडा फाटकापर्यंत आले.
आत आले नाहीत.
मी या म्हटलं नाही.

बेल वाजवली. चष्मा कपाळावर, अंगात बनियन.
एवढंच म्हणता आलं: "बांबू."
"लावा ने," ते म्हणाले.
"कढीपत्ता तेवढा सांभाळजो."

तिसऱ्या दिवशी सुरसिंगने वरून हाक मारली.
तो लिमखेड्याकडचा, मोजकं बोलणारा.
गिलावा पडला तिथे वीतभर भोक,
घर बांधताना ज्यात परांचीचा बांबू होता ते.
कोणा गवंड्याने घाईत अर्धी वीट कोंबली,
वर सिमेंटच्या पिशवीचा कागद,
आणि लिंपून टाकलं.
सुरसिंगने कागद ओढला. तो अजून ओला होता.
बरोबर आमच्या कपाटामागे.
वसावडांचा पाइप तिथून चार हात लांब,
भोवतीच्या विटा कोरड्या, लालभडक.

"भरी दउं?" त्याने विचारलं.
अर्धं घमेलं माल लागला असता.
मी म्हटलं, थांब.

वसावडा आले. डोळ्यांवर हात धरून
बराच वेळ वर बघत राहिले.
"ती पत्रं," मी सुरुवात केली.
"पाणी मारायला लागशे," ते म्हणाले,
"सात दिवस, बे टाइम.
तुमचा पाइप इथे पोचणार नाही."

रात्री आतून ऐकते.
कपाटामागे पाणी पडतंय.
ह्याच आवाजाने हे उठून बसायचे
आणि टॉर्च घेऊन गच्चीवर जायचे.
आता सांगू कोणाला.
झेरॉक्स अजून खणात आहेत,
फाडायला हात होत नाही,
अक्षर फार सुंदर होतं ह्यांचं.

खर्चाच्या वहीत सगळं मांडलं,
सुरसिंगच्या चहासकट.
वसावडांच्या पाण्याला दर सापडेना.
पाचव्या दिवशी ते वीस मिनिटं उशिरा आले.
मी घड्याळ बघत होते.

भिंत वाळल्यावर विचारलं,
रंग कोणता देऊ या बाजूला?
मला ही भिंत दिसतच नाही,
रोज तुम्हीच बघता.

"पांढरा नको," ते लगेच म्हणाले.
"दुपारी डोळ्यांवर येतो."