पिठाचं पोतं

चिलोए बेटावर माणसं घर सोडून जात नाहीत,
घर घेऊन जातात.
खाली ओंडके सारायचे, बैल जुंपायचे,
गावाला सफरचंदाची दारू पाजायची
आणि भरतीची वाट बघायची.
आमचं घर असं निघालं मार्चमध्ये:
बैलांच्या नऊ जोड्या, चाळीसेक माणसं,
आणि खिडकीत आई विसरली ती जिरेनियमची कुंडी.

मी सतरा वर्षांची.
रेमिहिओ सगळ्यात पुढच्या जोडीपाशी.
बैलांशी तो जसं बोलायचा
तसं माझ्याशी कधी बोलला नव्हता,
इतकं हळू, इतकं समजावून.
मला बैलांचा हेवा वाटत होता. हसू नका.

घर हललं ते करकरत नाही, उसासा टाकत.
स्वयंपाकघराच्या जागी
काळ्या ओल्या मातीचा चौकोन उघडा पडला:
एक चमचा, उंदराची हाडं, माझी हरवलेली गोटी
आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
बरोबर तिथे, जिथे वरती सैल फळीवर
आईचं पिठाचं पोतं असायचं,
जे ती कुणाला सरकवू द्यायची नाही.
रेमिहिओनं डब्यावर बूट ठेवला.
सगळे घराकडे बघत होते. तो माझ्याकडे.

संध्याकाळी घर पाण्यावर तरंगत गेलं,
चार होड्या ओढत होत्या.
आई पहिल्या होडीत, घराकडे पाठ करून.

सात दिवसांनी तो डबा घेऊन किनाऱ्यावर आला.
"सगळ्यात वरचं एक फोडलं मी," म्हणाला,
कान लालबुंद.
"वाटलं, तुला कुणा मुलानं लिहिलेली असतील."
एकेचाळीस पाकिटं. चाळीस बंद.
सगळी आईच्या नावानं, तिकिटं आर्जेन्टिनाची,
आणि अक्षर तेच, जे बाबांच्या फोटोमागे आहे.

माझे बाबा मी दीड वर्षाची असताना वारले.
पातागोनियात, मेंढ्या कातरायला गेले होते, घोड्याखाली आले.
दर दोन नोव्हेंबरला आम्ही मेणबत्ती लावतो.
मी जमेल तेवढं रडते.
काही वर्षी रडू येत नाही, मग मेलेल्या कुत्र्याला आठवते.

"ओतिलिया,
लोकरीचा भाव पडलाय. वारा थांबत नाही.
पोरीचा पुढचा दात सरळ झाला का?
दरवर्षी नुसता फोटो पाठवतेस.
मागे एक ओळ तरी लिहीत जा."

मी जिभेनं दात चाचपला.
तो अजून वाकडाच आहे.

मग मी रेमिहिओला ढकललं.
सात दिवस!
सात दिवस माझे बाबा त्याच्यापुरते जिवंत होते
आणि माझ्यापुरते मेलेले.
तो शेवाळात बसला तो बसलाच,
माझं ओरडणं संपेपर्यंत.
मग मीही बसले. ओहोटी लागली होती.
त्याच्या तळहाताला बैलांचा वास येत होता,
आणि मी तो हात बराच वेळ सोडला नाही.
आमच्यात त्या दिवशी झालं ते एवढंच.

घर फिरलं की वासेही फिरतात, म्हणतात.
आमचे वासे जागच्या जागी होते.
नव्या जमिनीवर घर सरळ उभं होतं,
फळ्या आता घट्ट बसल्या होत्या,
तरी आईनं पिठाचं पोतं
त्याच तिसऱ्या फळीवर ठेवलं होतं.

ती बटाटे सोलत होती.
मी डबा टेबलावर ठेवला.
वाटलं, विचारेल, कुठे मिळाला. किंवा रडेल.
मी सोळा वर्षांचे प्रश्न तयार ठेवले होते,
सगळ्यात वर हा: फोटो पाठवायचीस, तर वाचायची का नाहीस?

तिनं हात ॲप्रनला पुसले,
एकेक पाकीट उलटं करून पाहिलं,
फाटलेल्या कडेवर बोट थांबलं.
"हे कुणी फोडलं?"

"मी," म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ,
मग खिडकीतून खाली, किनाऱ्याकडे,
जिथे कुणीतरी बैलांना पाणी दाखवत होतं.
आणि सुरी माझ्या हातात दिली.
"उरलेले तू सोल," म्हणाली.
चष्मा शोधायला आत गेली.